अखंड ग्रंथ आणि रिकामी जागा : सचित्र प्रवासग्रंथांचा संग्रह व अहेरीचा प्रदेश

मराठीतील प्रवासवर्णनाची समीक्षा प्रामुख्याने शब्दांभोवती फिरत राहिली आहे. प्रवाशाची दृष्टी, त्याची निवेदनशैली, स्थळ आणि आत्मनिष्ठा यांचे नाते या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु प्रवासग्रंथातील चित्रे बहुधा सजावटीच्या खात्यात जमा करण्यात आली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हिंदुस्थानविषयी जे प्रवासग्रंथ युरोपात छापले गेले, त्यांच्या बाबतीत ही भूमिका टिकत नाही. त्यांपैकी कित्येकांत चित्र हाच मूळ मजकूर असून शब्द त्याची पुरवणी आहेत. असे ग्रंथ आज दुर्मिळ झाले आहेत आणि त्यांचा संग्रह हा हौशी श्रीमंतांचा छंद समजला जातो. वस्तुतः प्रदेशाच्या इतिहासाचे साधन म्हणून त्यांकडे पाहिले पाहिजे. हे साधन कसे वाचावे आणि कसे जमवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात अहेरीच्या प्रदेशाच्या संदर्भात केला आहे. जेथे चित्रकार सहसा पोहोचला नाही असा हा प्रदेश असल्यामुळेच संग्रहाच्या पद्धतीची कसोटी येथे चांगली लागते.

१. मोहिमेवरचा चित्रकार

सतराव्या व अठराव्या शतकांतील सागरी मोहिमांतून एक नवा व्यवसाय उदयास आला. मोहिमेबरोबर जसा खगोलवेत्ता व वनस्पतिशास्त्रज्ञ, तसाच पगारी चित्रकारही जाऊ लागला. किनाऱ्याची रूपरेषा, बंदराचे प्रवेशद्वार, अनोळखी झाड, तेथील माणसांचा पेहराव यांची नोंद करणे हे त्याचे काम होते. छायाचित्रण नसलेल्या काळात त्याचे रेखाटन हाच पुरावा असे. विल्यम हॉजेस हा कॅप्टन कुकच्या दुसऱ्या मोहिमेवर (१७७२–७५) अशाच नेमणुकीने गेला होता. पुढे १७८० मध्ये तो हिंदुस्थानात आला, वॉरन हेस्टिंग्जच्या आश्रयाने उत्तरेकडे फिरला आणि परत गेल्यावर ‘सिलेक्ट व्ह्यूज इन इंडिया’ या नावाने ४८ चित्रांचा ग्रंथ त्याने १७८५ ते १७८८ या काळात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केला. त्याचे ‘ट्रॅव्हल्स इन इंडिया’ हे प्रवासवर्णन १७९३ मध्ये निघाले.

मोहिमेवरच्या चित्रकाराचा महाराष्ट्राशी आलेला थेट संबंध विल्यम वेस्टॉलच्या रूपाने दिसतो. मॅथ्यू फ्लिंडर्सच्या ऑस्ट्रेलिया-मोहिमेवर त्याची नेमणूक झाली तेव्हा तो ऐन विशीच्या उंबरठ्यावर होता. १८०३ मध्ये जहाज फुटल्यानंतर तो चीनमार्गे १८०४ मध्ये मुंबईस पोहोचला आणि तेथून घाटमाथ्याकडील मराठी मुलखात गेला. १८११ मधील त्याच्या चित्रमालिकेत मदैरा, केप, चीन यांच्याबरोबर मुंबई व मराठी मुलूख यांनाही स्थान मिळाले. तर मोहिमेची चित्रे १८१४ साली फ्लिंडर्सच्या मुख्य ग्रंथात आली. एकाच प्रवासाची चित्रे अशी दोन वेगळ्या ग्रंथांत विभागली गेल्याने, त्यांतील एकच ग्रंथ पाहणाऱ्यास त्या प्रवासाचा निम्माच भाग दिसतो. संग्राहकाला पहिला धडा येथे मिळतो : ग्रंथ एकटा नसतो, त्याचे भावंड शोधावे लागते.

२. स्थळापासून छापील पानापर्यंत

प्रवासग्रंथातील चित्र म्हणजे चित्रकाराने डोळ्यांनी पाहिलेले दृश्य, असे सरसकट मानणे चुकीचे ठरते. स्थळावर पेन्सिलीने किंवा जलरंगात घाईने केलेले रेखाटन मायदेशी गेल्यावर पुन्हा नीट रंगवले जाई. त्यावरून दुसराच कारागीर तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करी. ‘ॲक्वाटिंट’ या पद्धतीत पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरून ती तापवून चिकटवीत आणि आम्लाने कणांमधला भाग खाऊ देत. त्यामुळे छाया-प्रकाशाच्या मऊ पायऱ्या छापता येत. छापलेल्या प्रत्येक पानावर पुढे हाताने रंग भरले जात. म्हणून एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींतील आकाशाचा रंग वेगळा असू शकतो. पुष्कळ प्रती काढल्यावर तांब्याचा पत्रा झिजतो आणि नंतरच्या छापांतील छाया फिकट पडतात. पुढे शिळाछापाने हे काम स्वस्त केले आणि त्यानंतर लाकडी ठशांमुळे चित्र मजकुराच्याच पानावर आले.

या प्रत्येक टप्प्यावर चित्र बदलत असे. कोरणाऱ्याने हिंदुस्थान पाहिलेला नसल्यामुळे वडाच्या पारंब्या ओकच्या फांद्यांसारख्या होत. रिकाम्या वाटणाऱ्या पुढच्या भागात दोन उंट किंवा एक फकीर बसविला जाई. चित्राखालच्या बारीक अक्षरांतील ओळींना त्यामुळे महत्त्व येते. सामान्यतः डाव्या बाजूस चित्र काढणाऱ्याचे व उजव्या बाजूस कोरणाऱ्याचे नाव असते. मध्यभागी प्रकाशकाचे नाव व तारीख असते. १७३५ च्या ब्रिटिश कायद्याने कोरीव चित्रांना हक्काचे संरक्षण दिले व त्यासाठी प्रकाशनाची तारीख चित्रावर छापणे आवश्यक ठरविले, म्हणून ही ओळ आली. संशोधकाच्या दृष्टीने ती मजकुराइतकीच मोलाची आहे. पण चौकटीत बसविण्यासाठी चित्र कापताना सर्वांत आधी तीच कापली जाते.

३. सह्याद्रीच्या बाजूचा महाराष्ट्र

महाराष्ट्राचा जो भाग या ग्रंथांत आला, त्याची निवड सौंदर्यदृष्टीपेक्षा वाटांनी केली होती. मुंबई हे बंदर, पुणे हे दरबार व इंग्रज वकिलाचे ठाणे, आणि घारापुरी, कान्हेरी, कार्ले, वेरूळ ही लेणी, अशी ही वाट. जेम्स फोर्ब्स १७६६ मध्ये मुंबईस आला व १७८४ मध्ये परत गेला. त्याच्या लेखनाचे व चित्रांचे दीडशे मोठे खंड झाले होते आणि त्यांतून निवडून ‘ओरिएंटल मेम्वार्स’चे चार खंड १८१३ मध्ये निघाले. व्हॅलेन्शिया या उमरावाबरोबर हेन्री सॉल्ट हा चित्रकार म्हणून आला; व्हॅलेन्शियाचे तीन खंडांचे प्रवासवर्णन आणि सॉल्टची २४ मोठी चित्रे ही दोन्ही १८०९ मध्ये प्रसिद्ध झाली. कॅप्टन रॉबर्ट ग्रिंडले याचा पश्चिम हिंदुस्थानातील देखावे, पोशाख व वास्तू यांवरील ३६ रंगीत चित्रांचा ग्रंथ १८२६ ते १८३० या काळात सहा भागांत निघाला.

या साखळीतील एक मराठी नाव मात्र ग्रंथांच्या शीर्षकपृष्ठांवर सापडत नाही. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस आला व पुढे पुण्यात राहून त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांची चित्रे काढली. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट हाही त्याच काळात चित्रे काढीत होता. वेरूळची लेणी त्याने स्वतः तेथे जाऊन रेखाटली. मॅलेटने वेरुळावर लिहिलेला लेख कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात आला, त्यासोबतची चित्रे गंगारामाच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल याने वेरूळची २४ चित्रे कोरवून घेतली व ती ‘ओरिएंटल सीनरी’ या १४४ चित्रांच्या सुप्रसिद्ध मालिकेचा एक भाग बनली. त्या भागाच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स व डॅनियल यांची नावे आहेत. ज्या तांबटाने वेल्सला साहाय्य केले, त्याचे नाव नाही. गंगारामाची मूळ रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत. छापील ग्रंथ, मासिकातील लेख आणि मूळ रेखाटन ही तिन्ही एकत्र ठेवली तरच मराठी चित्रकाराचा हात ओळखता येतो. यांपैकी एक जरी दुवा निसटला, तरी चित्र केवळ इंग्रजी ठरते.

४. प्राणहितेच्या काठी

आता नकाशाच्या पूर्व टोकाकडे वळावे. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे प्राणहिता दक्षिणेकडे वाहते आणि सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. तिच्या पूर्वतीराजवळ अहेरी आहे. मागे आलापल्लीचे सागवानी जंगल, त्यापलीकडे भामरागडचे डोंगर, नदीच्या पलीकडे तेलंगणाचा मुलूख. भाषा मराठी, तेलुगू, गोंडी आणि माडिया. अहेरी ही जुन्या चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठी जमीनदारी होती. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा अहेरी त्यात गेली.

या बाजूने गेलेल्या आरंभीच्या युरोपीय प्रवाशांत कॅप्टन जेम्स ब्लंट याचे नाव महत्त्वाचे आहे. चुनारहून गोदावरीच्या मुखाकडील मुलखात जाणारी वाट शोधण्यासाठी तो १७९५ मध्ये निघाला. बस्तरात शिरण्यास मज्जाव झाल्यामुळे त्याला त्या राज्याच्या पश्चिमेकडून दक्षिणेस उतरावे लागले. त्याचे वर्णन ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात आले आणि नागपूरच्या सरकारी छापखान्याने १९३० मध्ये काढलेल्या, नागपूर प्रदेशातील आरंभीच्या युरोपीय प्रवाशांवरील संकलनात ते पुन्हा छापले गेले. ब्लंट हा मोजणी करणारा अधिकारी होता. गावांची नावे, अंतरे, नद्यांचे उतार, धान्य मिळते की नाही, गोंड लोक वाट दाखवितात की अडवितात, हे त्याचे विषय. त्याच्यासोबत गंगारामासारखा चित्रकार नव्हता.

येथे दोन शेजारच्या खंडांची तुलना उद्बोधक ठरते. एकाच संस्थेच्या एकाच मालिकेत सहाव्या खंडात वेरूळ चित्रांसह येते, आणि सातव्या खंडात गोंडवनाची वाट केवळ शब्दांत येते. दोन्ही प्रवास एकाच दशकातले. वेरूळकडे जाणाऱ्याच्या पाठीशी पुण्याचा वकील, त्याचा पैसा व लेण्यांची कीर्ती होती. गोंडवनातून जाणाऱ्याला फक्त पलीकडे पोहोचायचे होते. ज्या प्रदेशातून केवळ पार व्हायचे असते, त्याचे चित्र काढण्यासाठी कोणी थांबत नाही.

हा नियम पुढेही दीर्घकाळ टिकला. १८५७–५८ च्या उठावाची चित्रे इंग्लंडात झपाट्याने खपली. जॉर्ज ॲटकिन्सन याचा शिळाछाप चित्रसंग्रह १८५९ मध्येच निघाला. पण त्याचे लक्ष दिल्लीकडील लढ्यांवर होते. त्याच उठावात अहेरीच्या बाजूस मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांशी लढा दिला व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यास फाशी देण्यात आले. त्या लढ्यातील जंगल, नदी व गढ्या यांना ॲटकिन्सनच्या संग्रहात जागा नाही.

सर्वांत बोलके उदाहरण सर रिचर्ड टेम्पल याचे आहे. हा अधिकारी स्वतः हौशी निसर्गचित्रकार होता. १८६२ ते १८६७ या काळात मध्य प्रांताची सूत्रे त्याच्याकडे होती आणि गोदावरी-प्राणहिता जलमार्गाच्या योजनेचा तो पुरस्कर्ता होता. या जलमार्गात खडकांचे तीन मोठे अडथळे होते व त्यांतला तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे, म्हणजे अहेरीच्याच परिसरात होता. योजनेवर मोठा खर्च झाला व १८७१ मध्ये ती सोडून देण्यात आली. टेम्पलने पुढे सचित्र प्रवासग्रंथ लिहिले : हैदराबाद, काश्मीर, सिक्कीम व नेपाळ येथील रोजनिशा १८८७ मध्ये, आणि स्वतःच्या रंगीत चित्रांसह पॅलेस्टाइनवरील ग्रंथ १८८८ मध्ये. काश्मीरची सरोवरे व पॅलेस्टाइनच्या टेकड्या त्याच्या कुंचल्याचे विषय झाले. गोदावरी व प्राणहिता त्याच्या शासकीय अहवालांचा विषय राहिल्या. हातात कुंचला असलेला माणूसही प्रदेशाकडे कोणत्या कामासाठी पाहतो, त्यावर चित्र ठरते.

याचा अर्थ या भागाची छापील चित्रे नाहीतच असा नव्हे. ती आहेत, पण प्रवासग्रंथांच्या कपाटात शोधून सापडत नाहीत. सिरोंचाजवळ प्राणहितेकाठी कोटा हे गाव आहे. तेथील चुनखडकात मिळालेल्या प्राचीन माशाचे चित्र १८५१ मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकात कर्नल साइक्स यांच्या टिपणासोबत आले. वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथील देवळांची नोंद अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या मध्य प्रांतातील दौऱ्याच्या अहवालात, म्हणजे पुरातत्त्व खात्याच्या १८७९ मध्ये निघालेल्या नवव्या खंडात आहे. रसेल व हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये छायाचित्रांसह निघाला. ग्रिगसन यांचा बस्तरच्या माडियांवरील ग्रंथ १९३८ चा, फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा प्राणहितेपलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ चा, आणि व्हेरिअर एल्विन यांचा मध्य भारतातील आदिवासी कलेवरील ग्रंथ १९५१ चा.

ही यादी क्रमाने पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. प्रथम मासा आला, मग देऊळ, मग ‘जमातीचा नमुना’ म्हणून उभा केलेला माणूस आला. आपल्या गावात, आपल्या वाटेवर, आपल्या कामात असलेला माणूस आणि त्याच्याभोवतीचे जंगल एका चौकटीत येण्यास विसाव्या शतकातील मानवशास्त्रज्ञाची वाट पाहावी लागली. मध्य प्रांतातील जंगलाचे प्रसिद्ध सचित्र ग्रंथ, उदाहरणार्थ जेम्स फॉरसिथ याचे १८७१ मधील ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ किंवा रॉबर्ट स्टर्नडेल याचे १८७७ मधील ‘सिवनी’, हे सातपुड्याचे आहेत. नंतरच्या वाचकांनी ‘मध्य प्रांताचे जंगल’ म्हणून जे डोळ्यांसमोर आणले, ते मुख्यतः नर्मदेकडचे होते, प्राणहितेकडचे नव्हे.

५. सुटी चित्रे आणि अखंड ग्रंथ

दुर्मिळ सचित्र ग्रंथांच्या बाजारात एक विरोधाभास आहे. ग्रंथ अखंड विकण्यापेक्षा त्यातील चित्रे सुटी करून विकल्यास अनेकदा अधिक पैसे मिळतात. ज्या ग्रंथाचा बांधा सुटला आहे किंवा ज्यातील दोन-चार चित्रे हरवली आहेत, त्याची पाने सोडवून ती एकेक चौकटीत बसविली जातात. पुण्याचा देखावा पुण्याच्या घरात, मुंबईचा मुंबईच्या कचेरीत आणि वेरूळ एखाद्या हॉटेलात जाते. मजकुराची पाने रद्दीत जातात. वर्गणीदारांची यादी व नकाशा यांची कोणी विचारपूस करीत नाही. मराठी चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या चित्रांनी सजलेल्या ग्रंथांनाही हा धोका आहे. ऑटो रॉथफील्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) किंवा एडवर्ड्स यांचे ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ (१९१२) यांतील चित्रे पुस्तकाबाहेर काढल्यावर ती केवळ ‘जुनी सुंदर चित्रे’ उरतात. कोणत्या लेखकाच्या कोणत्या विधानाशी धुरंधरांनी आपले चित्र जुळविले किंवा जुळविले नाही, हे त्यानंतर कळण्याचा मार्ग राहत नाही.

या व्यवहारात पुण्या-मुंबईची चित्रे निदान वाचतात. अहेरीसारख्या प्रदेशाच्या वाट्याला मात्र काहीच येत नाही, कारण त्याचे अस्तित्व बहुधा ग्रंथाच्या त्या भागात असते, ज्याला बाजारात किंमत नाही : मार्गाच्या कोष्टकात, घडीच्या नकाशावरील एका नावात, चित्र नसलेल्या प्रकरणात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की एखाद्या प्रदेशाचे चित्र नव्हते हे सुटे चित्र कधीच सांगू शकत नाही. ते केवळ अखंड ग्रंथ सांगतो. मजकूर जेथून चालत जातो आणि चित्र जेथे थांबते, त्या दोहोंमधील अंतर मोजण्यासाठी दोन्ही एकाच बांधणीत असावी लागतात. ग्रंथ फोडला की पुण्याचे चित्र उरते, पण अहेरीची रिकामी जागा नाहीशी होते. आणि त्या रिकाम्या जागेचाच तर इतिहास लिहावयाचा असतो.

६. प्रत तपासण्याची रीत

एखादी प्रत पूर्ण आहे की नाही, हे ठरविण्याच्या काही रूढ कसोट्या आहेत. प्रथम ग्रंथातील चित्रांची छापील यादी घेऊन प्रत्येक चित्र पानावर ताडून पाहावे. यादी नसल्यास प्रमाणभूत सूचीचा आधार घ्यावा. मेजर ॲबी यांच्या संग्रहावरून तयार झालेली, १७७० ते १८६० या काळातील रंगीत प्रवासग्रंथांची सूची (१९५६–५७) या कामी आजही उपयोगी पडते. हप्त्याने निघालेल्या ग्रंथांची बांधणी वर्गणीदार आपापल्या सोयीने करीत. त्यामुळे दोन प्रतींत चित्रांचा क्रम निराळा असला तरी दोष समजू नये, मात्र संख्या जुळली पाहिजे.

त्यानंतर कागद प्रकाशासमोर धरून जलचिन्ह पाहावे. इंग्लंडमधील हातकागदावर १७९४ पासून पुष्कळदा वर्षाचा आकडा आढळतो. शीर्षकपृष्ठावर १८०८ आणि चित्राच्या कागदात त्यानंतर वीस वर्षांचा आकडा असेल, तर ते चित्र नंतरचे छाप आहे. रंग मूळचे की नंतर भरलेले, हे समोरच्या पानावर उमटलेल्या डागांवरून व रंगाच्या पातळपणावरून काही अंशी कळते. नंतर भरलेले रंग सहसा अधिक भडक व एकसारखे दिसतात. चित्राच्या कडा छाटल्या आहेत काय, खालची नावांची ओळ शाबूत आहे काय, नकाशा उलगडता येतो की घडीवर फाटला आहे, या गोष्टींची नोंद किमतीच्या आधी करावी.

आज यांपैकी अनेक ग्रंथ स्कॅन होऊन संगणकावर पाहावयास मिळतात. दूरच्या अभ्यासकाला ही मोठी सोय झाली आहे यात शंका नाही. तथापि घाऊक स्कॅनिंगमध्ये घडीचे नकाशे पुष्कळदा न उलगडताच राहतात, रंगीत चित्र करडे होते, आणि जलचिन्ह तर दिसतच नाही. ज्या नकाशावर प्राणहितेचे नाव आहे नेमका तोच घडीत बंद राहिला, तर त्या स्कॅनचा अहेरीच्या अभ्यासकाला उपयोग नाही. म्हणून निदान एक मूळ प्रत हाताशी असणे आवश्यक ठरते.

७. अहेरीसाठी संग्रह

या विवेचनावरून जंगलप्रदेशासाठी संग्रह कसा उभारावा याची दिशा मिळते. ‘ओरिएंटल सीनरी’सारखे महाग ग्रंथ विकत घेण्याची ऐपत जिल्ह्याच्या ग्रंथालयाला असत नाही, आणि त्याची गरजही नाही. त्या ग्रंथांच्या प्रती मोठ्या संस्थांत पाहता येतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसारख्या १८०४ पासून चालत आलेल्या संस्थेची परंपरा त्यासाठी आहे. अहेरीच्या संग्रहाने आपला आरंभ उलट टोकाकडून करावा : ब्लंटचे प्रवासवर्णन व त्याचे १९३० चे नागपुरी पुनर्मुद्रण, गोदावरी जलमार्गाचे अहवाल, जमाबंदी व गॅझेटियर, भूशास्त्र व पुरातत्त्व यांचे खंड, आणि मानवशास्त्रीय ग्रंथ. बाजाराच्या दृष्टीने यांतील पुष्कळसे सामान्य आहेत. प्रदेशाच्या दृष्टीने मात्र हेच दुर्मिळ, कारण एकत्र असे ते क्वचितच सापडतात.

त्यांच्या जोडीला प्रत्येक ग्रंथातील चित्रांची सविस्तर सूची तयार करावी. चित्राचा विषय, काढणारा, कोरणारा किंवा छायाचित्रकार, वर्ष, आणि चित्र मजकुरातील कोणत्या स्थळाशी जोडले आहे, एवढे रकाने पुरेसे आहेत. एक रकाना मात्र नवा हवा : मजकुरात वर्णिलेली, पण चित्र नसलेली स्थळे. या रकान्यात अहेरी, आलापल्ली, देवलमरी, सिरोंचा ही नावे जसजशी येत जातील, तसतसा या भागाच्या चित्रहीनतेचा आलेख तयार होईल. ज्या काळात साम्राज्याने या प्रदेशाकडे वाट, लाकूड आणि जलमार्ग एवढ्याच दृष्टीने पाहिले, त्या काळाची साक्ष हा आलेख देईल. अशा सूचीसाठी मोठा निधी लागत नाही. विद्यार्थी, वेळ आणि शिस्त लागते. नागपूरचे विदर्भ संशोधन मंडळ १९३४ पासून आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून अस्तित्वात आहे; हे काम करण्यास जागेची उणीव नाही.

जतनाचा प्रश्नही तेथील हवेशी निगडित आहे. प्राणहितेच्या खोऱ्यातील पावसाळा दमट आणि लांब असतो. वाळवी व कसर हे जुन्या कागदाचे नित्याचे शत्रू आहेत. जुन्या वाड्यांतून पोथ्या व दप्तरे सुती रुमालात घट्ट बांधून, जमिनीपासून उंच फडताळात ठेवीत आणि पावसाळा संपल्यावर उन्हाच्या सावलीत वारा देत. ही पद्धत साधी असली तरी तत्त्वतः योग्य आहे : कागदाला प्रखर प्रकाश नको, ओल नको आणि दीर्घकाळ कोंडून ठेवणेही नको. रंगीत चित्रे भिंतीवर टांगल्याने फिकी होतात, म्हणूनही ग्रंथाच्या बांधणीतच त्यांचे आयुष्य अधिक.

सचित्र प्रवासग्रंथ जमविणाऱ्याने आजवर विचारलेला प्रश्न ‘यात किती चित्रे आहेत?’ हा होता. त्याची आवश्यकता राहीलच, कारण प्रत पूर्ण आहे की नाही ते त्यानेच कळते. मात्र मराठी प्रदेशाच्या अभ्यासकाने त्यापुढे जाऊन चित्रकार कोठपर्यंत आला आणि कोठून परतला, हेही विचारले पाहिजे. पुण्याच्या गंगाराम तांबटाचे नाव आणि प्राणहितेकाठच्या गावांची चित्रे ही दोन्ही छापील ग्रंथांतून निसटली आहेत. पहिले परत मिळाले, कारण ग्रंथ, नियतकालिक आणि मूळ रेखाटने कोणीतरी न फोडता सांभाळून ठेवली होती. दुसऱ्याचा शोध सुरू होण्यासाठीही तेवढेच करणे आवश्यक आहे.